भागीदारी ठेवावी की प्रायव्हेट लिमिटेड करावं?

बेळगावात उद्यमबागेतलं आमचं मशीनशॉप आजोबांपासून भागीदारीत होतं. चार वर्षांपूर्वी आम्ही त्याची प्रायव्हेट लिमिटेड केली. तुमच्या घरातही हाच विषय निघत असेल, तर आमचा अनुभव सांगतो.

भागीदारीत सुख आहे. रात्री जेवताना ठरलं की सकाळी काम सुरू. ठराव नाहीत, आरओसीचे (कंपन्यांच्या सरकारी निबंधकाचे) फॉर्म नाहीत. दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर जॉबवर्कच करायचं असेल तर एवढं पुरतं.

आमचं अडलं ते सहीवर. चुलतभावानं हायड्रॉलिक व्हॉल्व्हची बॉडी स्वतः डिझाइन केली. नमुना टेबलावर, गिऱ्हाईक तयार, सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या कर्जाला बँकही तयार. पण बँकेला सगळ्या भागीदारांच्या सह्या हव्यात, आणि थोरले काका पुण्यात. फोन केला की म्हणायचे, "बघूया की, घाई काय हाय?" तीन महिन्यांत ऑर्डर कोल्हापूरजवळ शिरोलीच्या कारखान्याला गेली. काकांचा फार राग आला. पुढं सीएनी समजावलं, की फर्मचं कर्ज थकलं तर प्रत्येक भागीदाराच्या खाजगी मालमत्तेवर येतं. म्हणजे सही करताना काकांच्या डोळ्यांपुढं त्यांचा फ्लॅट होता. शिवाय १९३२ च्या भागीदारी कायद्यानं रोजच्या कामाला बहुमत चालतं, पण धंद्याचं स्वरूप बदलायला सगळ्यांची संमती लागते. नवं काही करायचं, तर सगळ्यात जास्त धास्तावलेल्या माणसासाठी थांबायचं.

आता काका फक्त शेअरहोल्डर आहेत, कंपनीचं कर्ज त्यांच्या फ्लॅटवर येत नाही. बोर्डावर वडील, चुलतभाऊ आणि मी. निर्णय बहुमतानं होतो. बँकेनं वैयक्तिक हमी घेतलीच, पण आम्हा तिघांची. नफ्यातला ठरलेला हिस्सा नव्या नमुन्यांसाठी बाजूला ठेवतो. पहिल्या दोन कास्टिंगमध्ये ब्लोहोल (ओतकामात हवेनं पडलेली भोकं) निघाले, तरी घरात कुणी हिशेब मागितला नाही.

कंपनीत ऑडिट सक्तीचं, खर्च वाढतो, अल्पमतात राहिलेल्याचं मनही दुखतं. एलएलपीत, म्हणजे लिमिटेड लायबिलिटी पार्टनरशिपमध्ये, भागीदारांची जबाबदारी मर्यादित राहते आणि सोपस्कार कमी. बाहेरचं भांडवल नकोच असेल तर तीही बघा. स्वतःचा माल काढायचा असेल तर मी तरी कंपनीच म्हणेन. मात्र आधी घरच्यांनी बसून कागदावर उतरवा: कामात कोण येणार, पगार किती, शेअर विकायचे झाले तर आधी कुणाला विचारायचं. लेकीसुनांनाही त्या बैठकीला बसवा. सीएकडे त्यानंतर जा.