इन्स्टॅक्स मिनी ११ : रोज एक फोटो, वर्षभर, आणि सगळा मामला नऊ फुटांचा

इन्स्टॅक्स मिनी ११ म्हणजे क्लिक केलं की फोटो तिथल्या तिथं कागदावर बाहेर देणारा कॅमेरा. आधीच सांगते, कॅमेरा म्हणून हा काही ग्रेट नाहीये. तुमच्या हातातला फोन याच्यापेक्षा कितीतरी बरा फोटो काढतो. तरी मी २०२४ चं अख्खं वर्ष रोज एक फोटो यानंच काढला, म्हणजे काढायचा प्रयत्न केला, ३६६ पैकी ३१८ दिवस भरलेत (लीप वर्ष निघालं, एका फोटोचा जादा भुर्दंड).

फोनवर हेच आधी दोनदा करून झालंय. रोज एक म्हणत चौदा काढायचे, रात्री त्यातला कुठला ठेवायचा म्हणून गादीवर पडून बघत बसायचं आणि तशीच झोप लागायची, फेब्रुवारी संपायच्या आत खेळ खल्लास. इथं तो प्रश्नच येत नाही, कारण मला एक क्लिक पन्नास रुपयाला पडत होतं. एका पाकिटात दहाच फोटो, मागच्या छोट्या खिडकीत उरलेला आकडा दिसतो, आणि तो ३ वर आला की माणूस आपोआप शहाणा होतो. दिवसभर बघत राहायचं, हा काढू का, नको संध्याकाळी काही बरं मिळेल, आणि संध्याकाळी काहीच मिळत नाही मग रात्री अकराला कुकरचा फोटो. असे कुकर माझ्याकडे चार आहेत.

आता वस्तूबद्दल. फ्युजीफिल्मनं २०२० मध्ये आणलेलं मॉडेल, दोन साधे पेन्सिल सेल लागतात आणि ते दहाएक पाकिटं चालतात. फोटोचा कागद एटीएम कार्डाएवढा, त्यात खरं चित्र ६२ बाय ४६ मिलिमीटर, बाकी पांढरी चौकट. चौकटीत खाली तारीख लिहायला जागा असते, पण जेल पेननं लिहू नका, पुसलं जातं, सीडीवर लिहायचो तो मार्कर आणा. फोटो बाहेर आला की पांढरा असतो, दीडेक मिनिटात रंग येतात. आणि हो, हलवायचा नाही! घरी येणारा प्रत्येक पाहुणा तो हातात घेऊन पंख्यासारखा हलवतो, मी सांगायचं सोडून दिलंय.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट फ्लॅश. तो बंद करायची सोयच नाही, भर उन्हातपण उडतो. आणि त्याचा उजेड पोचतो २.७ मीटरपर्यंत, म्हणजे धरून चला नऊ फूट. त्यापुढं रात्री काळोख. पहिल्याच आठवड्यात इथं कोल्हापुरात रंकाळा तलावावर जाऊन दिव्यांचा फोटो काढला, आला काय तर कठड्याचा एक पांढरा तुकडा आणि बाकी डांबर. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर रात्री गेले तर फ्लॅश उडाल्यावर धार काढणारे मामा ओरडले, "ओ ताई, म्हस बुजतीया की!" फोटो मात्र नाद खुळा आलाय, म्हशीचा एक डोळा आणि मामांचा हात, दोन्ही कॅमेऱ्याकडं रागानं बघतायत असं वाटतं.

मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की ह्या डब्यानं माझं वर्ष नऊ फुटांत आणून बसवलंय. जुलैच्या शेवटी पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, अख्खं कोल्हापूर पाणी बघायला जात होतं, पण माझ्या अल्बममध्ये त्या दिवशी आई डाळ-तांदळाचे डबे माळ्यावर चढवतीये. २०१९ चा पूर बघितल्यापासून तिचं ते ठरलेलं आहे. ८ ऑगस्टला रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली तेव्हा मीपण धावत गेले, आमच्या शाळेचं गॅदरिंग तिथंच व्हायचं, त्या स्टेजवर मी झाड झालेले. हातात कॅमेरा होता म्हणून दाबला. फोटोत पुढच्या माणसाचं हेल्मेट पांढरंफटक आणि त्याच्यामागं एक नारिंगी डाग, बस. फोनवर त्या रात्रीचे लोकांनी पाठवलेले व्हिडिओ आहेत, सगळं स्पष्ट दिसतं त्यात. ते मी परत उघडले नाहीत, हेल्मेट मात्र अल्बममध्ये येतं तेव्हा बघावंच लागतं.

तक्रारी आहेत बऱ्याच. ज्या भिंगातून बघायचं ते लेन्सच्या बाजूला आहे, त्यामुळे जवळून काढताना नेम चुकतो. जानेवारीत माझ्याकडे नुसत्या कपाळांचे आणि कानांचे फोटो होते. १२ नंबरच्या मॉडेलमध्ये ही भानगड बरीचशी सुधारलीये म्हणतात आणि त्यात लेन्स फिरवली की कॅमेरा चालू होतो. माझ्यात सेल्फीसाठी लेन्सची कडा पुढं ओढावी लागते, ती परत आत ढकलायला विसरलं की पुढचे फोटो धुरकट, हे मी किमान सहा वेळा केलंय. भाच्यानं मधेच मागचं झाकण उघडलं तर उरलेल्या फिल्मवर उजेड पडून गेली कामातनं. मे महिन्यात एक पाकीट स्कूटरच्या डिकीत राहिलं, त्यातल्या सगळ्यांचे रंग बिघडले, आमची बोळातली बोगनवेल कावीळ झाल्यासारखी आलीये. ही माझी चूक, कॅमेऱ्याची नाही. फिल्म स्वस्तात मिळाली म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून चार पाकिटं मागवली तर तारीख उलटून गेलेली निघाली, परत घ्यायला त्यानं महिना लावला. तेव्हा तारीख बघूनच घ्या.

दुसरं म्हणजे निगेटिव्ह नाही. जो आहे तो एकच. न्यूयॉर्कमध्ये जेमी लिविंग्स्टन नावाच्या माणसानं ३१ मार्च १९७९ पासून रोज एक पोलरॉइड, म्हणजे असाच लगेच बाहेर येणारा फोटो, काढला, २५ ऑक्टोबर १९९७ ला तो गेला त्या दिवसापर्यंत, सहा हजारांच्या वर. मी वर्षभरातच दमले, हा अठरा वर्षं! माझे ४८ दिवस जे रिकामे आहेत त्यातले सगळे काही आळसाचे नाहीत, अकरा फोटो लोकांनी मागून नेलेत. भाजीवाल्या मावशींनी तर विचारलंपण नाही, घेतला आणि गल्ल्यात टाकला. आता आधी फोननं त्याचा फोटो काढून ठेवते, म्हणजे परत फोनच.

हिशोब: कॅमेरा सहा हजारांच्या आसपास पडला, फिल्मची ३४ पाकिटं, म्हणजे सतराएक हजार. घरी हा आकडा मी सांगितलेला नाही. लग्नात किंवा ट्रिपला चार फोटो काढायला घेत असाल तर कुणाचा तरी उसना आणा, विकत घेऊ नका. रोजच्यासाठी घेत असाल तर १२ बघा, आणि देवदर्शन, सूर्यास्त, पन्हाळ्याचं धुकं असलं काही डोक्यात असेल तर अजिबात नको. स्वयंपाकघर, रिक्षाची मागची सीट, पारावरची मंडळी, यांच्यासाठी चालेल.

सध्या आत पाच फोटो शिल्लक आहेत. आईनं एक बुक करून ठेवलाय, हापूसची पहिली पेटी उघडेल त्या दिवसाचा, आणि तो कुणाला द्यायचा नाही असं बजावलंय.