थांबायचं की पेपर टाकायचे?

दुपारी अडीचला दिवसाचं काम आटोपलेलं असतं. मग एक्सेल उघडी ठेवून सहापर्यंत माशा मारायच्या, कारण हिंजवडीतून कंपनीची बस सुटते सहाला. पगार १ तारखेला जमा, घरचे खूश, आणि आपण मात्र आतल्या आत कुढतोय. आईजवळ विषय काढला की ती म्हणते, "कशाला सुखाचा जीव दुःखात घालतोस?" तिचंही चुकत नाही. अशी अडीच वर्षं मी काढली आहेत, म्हणून नोकरीत थांबायचं की पेपर टाकायचे, म्हणजे राजीनामा द्यायचा, याच्या दोन्ही बाजू मांडतोय. अर्थात आयटी सर्व्हिस कंपन्यांपुरत्याच. बँकेतलं किंवा चाकणच्या कारखान्यातलं गणित निराळं.

थांबावं की जावं याआधी एक गोष्ट शोधून काढा: तुमच्या प्रोजेक्टचं बिलिंग कसं होतं? 'टाइम अँड मटेरियल' असेल तर क्लायंट माणसाच्या तासांचे पैसे मोजतो. तुमचं नाव बिलेबल यादीत, म्हणजे क्लायंट ज्यांचे पैसे देतो त्यांच्यात, आहे तोवर तुम्ही दोन तास राबलात काय नि आठ तास काय, कंपनीचं काहीच बिघडत नाही. उलट मॅनेजरसाठी तुम्ही सोन्याचं अंडं देणारी कोंबडी; तो तुम्हाला रिलीज, म्हणजे प्रोजेक्टमधून सुटका, कशाला देईल? 'फिक्स्ड प्राइस' असेल, म्हणजे पूर्ण कामाची रक्कम आधीच ठरलेली, तर चित्र उलटं. तिथे जादा माणूस म्हणजे सरळ तोटा, त्यामुळे रिलीज पटकन मिळतं, पण बेंचवरही, म्हणजे प्रोजेक्टविना, तितक्याच पटकन बसावं लागतं. 'बघतो म्हणालाय मॅनेजर' या वाक्यावर किती विसंबायचं, ते इथे ठरतं. मला हे कळायला वर्ष गेलं. तोवर मी स्वतःलाच दोष देत होतो.

आता दोन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवून बघू.

आतल्या आत बदलायचं, म्हणजे इंटरनल जॉब पोस्टिंगमधून दुसऱ्या प्रोजेक्टला जायचं, तर नोटीस नाही, पीएफची भानगड नाही, साठलेल्या रजा शाबूत, आई-बाबांचा मेडिक्लेमही चालू. ओळखी कामाला येतात. आतल्या मुलाखतीही तुलनेने सोप्या असतात. पण पगार बहुधा तोच राहतो आणि किल्ली जुन्या मॅनेजरच्याच खिशात. रिलीजची तारीख तोंडी असेल तर ती तारीख नव्हे. मेलवर घ्या.

बाहेर पडायचं तर पगारात उडी मिळते, नवं काम मिळण्याची शक्यता असते. शक्यताच, कारण मुलाखतीत 'क्लाउड मायग्रेशन' सांगून नंतर एल-२ सपोर्टची तिकिटं, म्हणजे युजरच्या तक्रारी, बंद करायला बसवलेले लोक मी पाहिलेत. आगीतून फुफाट्यात. म्हणून शेवटच्या राउंडला होणाऱ्या मॅनेजरला सरळ विचारा: ही जागा नवी आहे की कोणी सोडून गेलं म्हणून रिकामी झाली? पहिल्या तीन महिन्यांत माझ्या हातात नेमकं काय असेल? उत्तर गोलमोल आलं तर समजून जा.

पैशाच्या बाजूला नीट बसून हिशेब करा, कारण लोक तिथेच घाई करतात. ग्रॅच्युइटीसाठी कायम नोकरीत साधारणपणे ५ वर्षं सलग व्हावी लागतात. सूत्र साधारण असं: शेवटचा बेसिक (डीए असल्यास धरून) गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. बेसिक ४०,००० असेल तर ५ वर्षांचे सुमारे १ लाख १५ हजार होतात. तुम्हाला ४ वर्षं ९ महिने झाले असतील तर केवळ वैतागून हे पैसे सोडून जाऊ नका. ४ वर्षं २४० दिवस भरले की पाच वर्षं धरायची, हा हिशेब काही कंपन्या मानतात, काही नाही. एचआरकडून लेखी उत्तर घ्या. याउलट जेमतेम दोन वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटीसाठी थांबणं हे निव्वळ निमित्त आहे.

पीएफ मात्र काढू नका, ट्रान्सफर करा. ५ वर्षांच्या आत काढला तर साधारणपणे कर लागतो. ट्रान्सफर केला तर आधीच्या कंपनीतली वर्षंही मोजली जातात. गृहकर्ज घ्यायचं ठरलं असेल तर आधी ते मंजूर करून घ्या. नवीन नोकरीचे पहिले काही महिने बँक जरा संशयाने बघते. आणि आई-बाबांपैकी कोणाचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर मेडिक्लेमची तारीख बघून मगच राजीनामा द्या. ग्रुप पॉलिसीचं छत्र नोकरीबरोबरच जातं.

९० दिवसांचा नोटीस पिरियड ही खरी अडचण. बऱ्याच कंपन्यांना महिन्याभरात माणूस हवा असतो. बायआउटचे, म्हणजे नोटीस पूर्ण न करता सुटण्याचे, पैसे कोण भरणार, हे ऑफर लेटरवर यायला हवं.

एवढं सगळं असूनही माझा कौल बाहेर पडण्याकडे झुकतो, आणि त्याचं कारण पगार नाही. दीड वर्ष निवांत काढल्यावर मी एका मुलाखतीला गेलो. समोरच्या बाईंनी अगदी साधा प्रश्न विचारला, "गेल्या वर्षभरात तुम्ही काय काय केलंत?" मी पाणी प्यायलो. पुन्हा पाणी प्यायलो. थांबण्याची किंमत पे-स्लिपवर दिसत नाही, ती त्या खुर्चीत बसल्यावर कळते. म्हणून कंपनीतच एकदा दुसरं प्रोजेक्ट मागून बघा, मेलवर, आणि दोन महिन्यांची मुदत मनाशी धरा. त्या दोन महिन्यांत बायोडेटा नीट करा, रिकाम्या दुपारी अभ्यासाला लावा. हातात ऑफर आल्याशिवाय पेपर मात्र टाकू नका. आणि पेपर टाकल्यावर थांबवण्यासाठी जुन्या कंपनीकडून काउंटर ऑफर आली, तर ती नुसत्या पगाराची आहे की कामाचीही, एवढंच बघा. मला आली होती ती पगाराची.

मी पेपर टाकले. माझ्या रोजच्या दोन तासांच्या कामाचं केटी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे काम समजून घेणं) घ्यायला दोन जण आले. दोघंही बिलेबल.