मुलांसाठी डबल बेसचा क्लास: दीड वर्षानंतरचं मत

आमच्या लेकीला खरं तर चेलो शिकायचा होता. डबल बेस म्हणजे त्याच घरातलं, माणसाएवढं उंच, उभं धरून वाजवायचं खर्जातलं तंतुवाद्य. तिथे जागा नव्हती, बेसच्या वर्गात होती. तात्पुरतं घालू, मग बघू, म्हणून नाव घातलं. पहिल्याच दिवशी सर तिला म्हणाले, "अगं, बोत्तेसिनीचंही असंच झालं होतं." हा एकोणिसाव्या शतकातला नामांकित इटालियन बेसवादक. मिलानच्या संगीतशाळेत शिष्यवृत्तीच्या जागा उरल्या होत्या फक्त बासून या फुंकवाद्याच्या आणि डबल बेसच्या, म्हणून त्याने बेस धरला. पुढे १८७१ मध्ये कैरोला व्हेर्दीच्या 'आयदा' या ऑपेराचा पहिला प्रयोग त्यानेच संचालित केला. लेकीने चेलोचं नाव परत काढलेलं नाही.

सरांचं स्वतःचं वाजवणं चालू असतं, आणि या क्लासचं निम्मं मोल त्यातच आहे. एका आठवड्यात वाद्यवृंद, दुसऱ्यात संगीत नाटकाचा पिट, म्हणजे रंगमंचापुढची वादकांची जागा, मधेच जॅझवाल्यांबरोबर रात्री. काल जिथे वाजवलं, त्यातलं काहीतरी आज वर्गात येतंच. एकदा उजव्या हाताच्या तर्जनीवरचा टरारून आलेला फोड सगळ्यांना दाखवला. जॅझमध्ये गज बाजूला ठेवून तास-दोन तास बोटानेच तार ओढायची, चालत्या लयीत, मात्रेला एक सूर. मग पोरांना तसंच वाजवायला लावलं. त्या दिवशी घरी येताना गाडीत बोट आपटणं थांबेना.

शिकवण्याची पद्धत मला का पटली, ते सांगते. इतर तंतुवाद्यांवर मूल पहिले कित्येक महिने एकटंच किरकिरत बसतं. इथे पहिल्या तासाला लेकीने फक्त दोन मोकळ्या तारा वाजवल्या, डी आणि ए, म्हणजे सा आणि प. सरांनी त्यावर एक साधी धून वाजवली. गाणं उभं राहिलं! मध्ये सर तिला थांब म्हणाले आणि स्वतः तेच वाजवत राहिले. "काय गेलं?" ती जरा विचार करून म्हणाली, "जमीन." खर्ज म्हणजे काय हे तिला आणखी कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

वाद्य अंगाला भारी आहे, हे मात्र आधीच समजून घ्या. व्हायोलिनच्या तारा सा-प अंतराने लावतात, बेसच्या सा-म अंतराने, कारण मान इतकी लांब की खालच्या जागांवर पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत हात ताणला तरी जेमतेम एक पूर्ण स्वर, म्हणजे सा ते रे एवढंच अंतर, येतो. मोठी माणसंसुद्धा बहुतेक पाऊण मापाचा बेस वाजवतात. लेकीचा पाव मापाचा आहे. भाड्याने आणला तेव्हा तिची बोटं दुखायची. मी सरळ सराव कमी पडतोय म्हणून तिच्यावर चिडले. सरांनी एकदाच तार दाबून पाहिली आणि म्हणाले, पोरीचं काही चुकत नाहीये, तारा बोटं दाबायच्या पट्टीपासून फार उंच आहेत. दुकानदाराने ब्रिज, म्हणजे तारा पेलणारी लाकडी घोडी, उंचच ठेवून वाद्य दिलं होतं. ब्रिज घासून घेतला, दुखणं संपलं. लेकीची माफी मागावी लागली.

राळेचा घोळ आमचाच. गजाला लावायची बेसची राळ मऊ आणि चिकट असते, हे सरांनी सांगितलं होतं. आम्ही डबी उन्हात गाडीत आडवी ठेवली. राळ वितळून कापडात मुरली, आणि ते कापड अजून खोक्याला चिकटलेलं आहे.

आता तक्रार. तास रद्द होतात, फार होतात. कार्यक्रमांचा हंगाम आला की निरोप आदल्या रात्री येतो. बदली तास मिळतो, पण बरेचदा चार मुलांच्या गटात. ठरलेल्या वाराला ठरलेल्या वेळी शिकवणी हवी असेल, तर तुमची चिडचिड होईल. परीक्षा, प्रमाणपत्र यांतही सरांना फार रस नाही. मागितलंत तर तयारी करून घेतात, स्वतःहून विषय काढत नाहीत. आणि गज फ्रेंच पद्धतीने (हात वरून) धरायचा की जर्मन (हात खालून), हे त्यांनी तीन महिने मुलांवरच सोडलं. मला ते जरा जास्तच वाटलं, पण लेकीने जर्मन निवडला आणि तिचा हात खरंच त्यात मोकळा दिसतो.

सध्या फ्रेंच संगीतकार सेंट-साँसचा 'हत्ती' चालू आहे. १८८६ ची ही रचना, आणि गंमत अशी की त्यात बर्लिओझ आणि मेंडेल्सोन या संगीतकारांच्या अगदी हलक्याफुलक्या सुरावटी जड बेसवर आणल्या आहेत. सरांनी आधी मूळ चाली पियानोवर वाजवल्या, मग बेसवर. मुलं हसून लोळली. लेक अजून सुरुवातीच्याच ओळीत अडखळते आहे, पण घरी दार लावून हत्तीसारखं डुलत वाजवते.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या आदल्या रात्रीच्या निरोपांचा कापला. पुढच्या सत्राचे पैसे भरले आहेत. जाणार असाल तर मुलाच्या उंचीचं स्टूल घरूनच न्या, तिथलं एक डुगडुगतं.