परागातली कीटकनाशकं तपासून घेतली: लॅबचं काम चोख, पण "आढळले नाही" वर विसंबू नका

मधमाश्यांच्या पेट्यांसमोर माश्या मरून पडलेल्या दिसल्या की फवारणीचा संशय लगेच येतो, पण परागातून हळूहळू आत येणारं औषध डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून लॅबला सॅम्पल पाठवलं. लॅबचं नाव देत नाही कारण मला जी अडचण आली ती बऱ्याच लॅबमध्ये येऊ शकते.

सॅम्पल घेण्याच्या सूचना एकदम मस्त होत्या. पॉलन ट्रॅपमधला (पेटीच्या दारावरची जाळी, माशीच्या पायावरच्या परागाच्या गोळ्या खालच्या ट्रेमध्ये पाडते) ताजाच पराग घ्या, उन्हात वाळवू नका कारण इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशकं उजेडात मोडतात, लगेच फ्रीझरमध्ये टाका. पण ट्रेमध्ये पिवळ्या, केशरी, राखाडी अशा वेगवेगळ्या फुलांच्या गोळ्या असतात आणि लॅब सगळं एकत्र दळते, त्यामुळे एका पिकाचा विषारी पराग बाकीच्या चांगल्या परागात मिसळून आकडा खाली येतो. रंगानुसार वेगळं करून पाठवलं तर तपासतात, फक्त हे आधी कोणी सांगत नाही!

आता रिपोर्ट. मशीन भारी आहे, एलसी-एमएस/एमएस (मिश्रणातलं एकेक रसायन वेगळं करून ओळखणारं), औषधांची यादीही लांबलचक, आणि निओनिकोटिनॉइडच्या (इमिडाक्लोप्रिड ज्यात येतं तो कीटकनाशकांचा गट) पुढे सगळीकडे "आढळले नाही". मग खाली बारीक अक्षरात मोजण्याची मर्यादा 10 पीपीबी (एक अब्ज भागांत 10 भाग). माणसाच्या खाण्यासाठी ठीक आहे, पण बीजप्रक्रिया केलेल्या पिकाच्या परागात ही आंतरप्रवाही (झाडाच्या आतून सगळीकडे पसरणारी) औषधं बऱ्याचदा त्याहून कमीच असतात. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बंबलबीच्या (जाड, केसाळ रानमाशी) वसाहतींना 6 पीपीबी इमिडाक्लोप्रिड असलेला पराग आणि त्याहून सौम्य साखरपाणी दिलं, तर नव्या राण्या 85 टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणजे ज्या परागाने वसाहतीचं पुढचं वर्षच बुडालं तोच पराग या लॅबने "आढळले नाही" म्हणून पास केला असता. मला हे फार गंभीर वाटतं.

दुसरं म्हणजे प्रत्येक औषध वेगळं मोजून वेगळाच शेरा, एकत्र परिणामाबद्दल एक ओळ नाही. उत्तर अमेरिकेत 2010 च्या एका पाहणीत परागाच्या एकाच सॅम्पलमध्ये 31 कीटकनाशकं सापडली होती. प्रोपिकोनॅझोलसारखी बुरशीनाशकं माशीची विष पचवण्याची ताकदच कमी करतात, मग एरवी झेपलं असतं तेवढं कीटकनाशकही भारी पडतं. माझ्या रिपोर्टमध्ये बुरशीनाशक होतं आणि त्याच्यासमोर "मधमाशीला कमी घातक" एवढंच. (माइटसाठी, म्हणजे माश्यांवरच्या परजीवी कोळ्यांसाठी, पेटीत पट्ट्या लावल्या असतील तर ते औषधही रिपोर्टमध्ये येतं, गोंधळू नका.)

आणि हे सगळं पाळीव माश्यांचं झालं. एकट्या राहणाऱ्या रानमाश्यांच्या अळ्या तर कच्चा परागच खातात, मध्ये पेटीतल्यासारखी अळ्यांना भरवणारी दाई माशीही नाही, त्यांचा पराग कोण तपासणार?

पाचपैकी तीन स्टार. फोनवर नीट बोलतात, विचारलं तर आकडे लपवत नाहीत. पैसे भरण्याआधी निओनिकोटिनॉइडसाठी 1 पीपीबी किंवा त्याहून कमी मोजता का हे मेलवर लिहून घ्या. रिपोर्ट यायला आठवडे लागतात, तोवर फुलोरा संपलेला असतो, म्हणून अर्धं सॅम्पल तारीख आणि जागा लिहून फ्रीझरमध्ये ठेवा, बारीक मोजणारी लॅब मिळाली की तोच पराग परत तपासता येतो.