लक्ष्मीपुरीतलं सायंटिफिकचं दुकान आणि उंदराच्या पिल्लाचा कान

मी बी.एस्सी.च्या मुलांना प्राणिशास्त्र शिकवते. कॉलेजात विच्छेदन बंद झाल्यापासून आमची सगळी भिस्त तयार स्लाइडवर आहे. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या या दुकानातून आम्ही बीकर, स्टेन, कव्हरस्लिप असं बरंच काही नेतो आणि ते सगळं ठीकच असतं. पण आज लिहायला बसले ते एका स्लाइडसाठी: उंदराच्या आठवडाभराच्या पिल्लाच्या कॉक्लियाचा, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या ऐकण्याच्या अवयवाचा, उभा छेद.

कॉक्लियाची म्हणून जी स्लाइड सर्रास मिळते ती बहुतेक वेळा वाढलेल्या गिनीपिगची असते. गिनीपिग जन्मतःच ऐकतो. उंदीर मात्र बहिरा जन्मतो, त्याला साधारण बाराव्या दिवसापासून ऐकू येऊ लागतं. मला शिकवायचे होते नेमके हे मधले दिवस. माझी मागणी ऐकून दुकानातल्या काकांनी लगेच विचारलं, "मॅडम, डोळं उघडायच्या आधीचं पिल्लू पाहिजे का नंतरचं? आधीचं असंल तर सांगून मागवायला लागंल, तयार नसतंय." गिऱ्हाईक काय शोधतंय हे एवढं नेमकं ओळखणारा दुकानदार मला दुसरीकडे भेटला नाही. माल अंबाल्याहून येतो, त्यामुळे थांबावं लागलं. पण आला तो सांगितला तसाच.

आता स्लाइडबद्दल. दहाच्या लेन्सखाली कॉक्लियाचे वेढे स्वच्छ दिसतात, त्यातला पातळ रायस्नरचा पडदा अखंड आहे. हाडातलं कॅल्शियम नीट काढलं नसेल तर छेद घेताना हा पडदा हमखास फाटतो. दुसऱ्या एका ठिकाणाहून घेतलेल्या स्लाइडमध्ये तो लोंबत होता आणि बदलून द्यायला त्यांनी साफ नकार दिला होता.

चाळीसच्या लेन्सवर जा आणि आतल्या केसपेशीच्या (आवाज टिपणाऱ्या पेशीच्या) शेजारी, वेढ्याच्या मध्याकडच्या बाजूला बघा. उंच, सडपातळ पेशींची दाटी दिसते, जांभळी केंद्रकं खालीवर विखुरलेली, आणि वर टेक्टोरियल नावाचा पडदा टेकलेला. हाच कोलिकर्स ऑर्गन, फक्त वाढीच्या काळात असणारा पेशींचा पुंजका. वाढलेल्या उंदराच्या स्लाइडमध्ये त्या जागी नुसती खोलगट घळ असते. एका मुलीनं दोन्ही स्लाइड आलटून पालटून पाहिल्या आणि विचारलं, "मॅडम, एवढ्या पेशी गेल्या कुठं?" त्या दिवशीचा तास तिथूनच सुरू झाला.

या पेशी ऐकत नाहीत, पण ऐकणाऱ्या पेशींना कामाला लावतात. त्या अधूनमधून आपणहून एटीपी बाहेर सोडतात. हो, तोच एटीपी, जो आपण ऊर्जेच्या धड्यात शिकवतो. इथे तो निरोप्या होतो. तो आजूबाजूच्या पेशींवरच्या पी२वाय१ ग्राहींना (निरोप घेणाऱ्या प्रथिनांना) चिकटतो, पेशींच्या आत कॅल्शियम वाढतं, क्लोराइडच्या वाहिन्या उघडतात आणि क्लोराइडपाठोपाठ पोटॅशियमही बाहेर पडतं. ते पोटॅशियम केसपेशींना उत्तेजित करतं, केसपेशी ग्लुटामेट हे निरोपाचं रसायन सोडतात आणि श्रवणचेता धडाधड संदेश पाठवू लागते. बाहेर आवाजाचा पत्ता नाही, तरी मेंदूच्या श्रवणकेंद्रांपर्यंत तालीम चालू. शेजारशेजारच्या केसपेशी एकदम चेतवल्या जातात, आणि कोणता सूर मेंदूत कुठे पोचायचा याची घडी बसायला त्याची मदत होते असं मानलं जातं. यातला मूळ शोध जॉन्स हॉपकिन्समधल्या ड्वाइट बर्गल्स यांच्या गटानं २००७ साली 'नेचर'मध्ये मांडला, ग्राही आणि वाहिन्यांचे बारकावे पुढे उलगडले. आमच्या मुलांना हे फळ्यावरच्या बाणांत कधीच पटलं नव्हतं. जागा डोळ्यांनी दिसली आणि प्रश्नांवर प्रश्न आले. माणसाचं बाळ तर पोटातच ऐकू लागतं, मग त्याची तालीम कधी, हाही त्यातलाच एक. बहुधा त्याआधी, गर्भातच.

उणिवाही सांगते. लेबलवर नुसतं 'कॉक्लिया, रॅट' आहे, पिल्लाचं वय नाही. या स्लाइडचा सगळा अर्थच वयात आहे, ते छापलंच पाहिजे. काकांनी पावतीवर हातानं लिहून दिलं, पण पावती कपाटात राहते आणि स्लाइड मुलांच्या हातात. एका स्लाइडमध्ये नेमका छेदाच्या कडेला हवेचा बुडबुडा होता. ती मात्र एका शब्दावर बदलून मिळाली. किंमत साध्या स्लाइडच्या दुपटीच्या आसपास, आणि माझ्या मते ती वाजवी आहे.

जाणार असाल तर सकाळी दुकान उघडताच जा. दुपारी बाजाराच्या गर्दीत गाडी लावायला जागा नसते, आणि काकांनाही बोलायला सवड नसते. त्यांनी काउंटरवर मायक्रोस्कोप ठेवलाय, स्लाइड तिथेच लावून बघू देतात. पडदा अखंड आहे ना, केसपेशींची रांग दिसते ना, एवढं बघूनच पैसे द्या. आणि मागणी नोंदवताना पिल्लाचं वय दिवसांत सांगा: दहा दिवसांच्या आतलं.