कालमेघचं टिंक्चर : कडू म्हणजे किती कडू हे आता कळलं

आमच्याकडे कोकणात आजी तापाला किराईत उकळून द्यायची, म्हणून वाटलं कडूचं आपल्याला काय नवीन, पण कालमेघ या औषधी वनस्पतीच्या मदर टिंक्चरचे (अल्कोहोलमध्ये काढलेल्या अर्काचे) दहा थेंब अर्धा कप पाण्यात टाकले आणि जीभ अर्धा तास कामातून गेली! इंग्रजीत याला किंग ऑफ बिटर्स म्हणतात ते उगाच नाही. बंगालमध्ये याचंच आलुई नावाचं घरगुती औषध लहान मुलांना पोटासाठी देतात, बिचारी पोरं.

यातलं मुख्य कडू द्रव्य अँड्रोग्राफोलाइड पाण्यात फारसं विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये बरं उतरतं, म्हणून काढ्यापेक्षा हे कमी मात्रेतच झणझणीत लागतं. मी भूक मेली होती म्हणून घेतलं, चारपाच दिवसांत जेवण जरा जायला लागलं, आता ते याच्यामुळे की हवा बदलल्यामुळे देव जाणे. काविळीवर वगैरे स्वतःच्या मनाने घेऊ नका, गरोदर बायकांनी तर नकोच, रक्त पातळ करायच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरला विचारा.

बाटलीचं झाकण मात्र भिकार, बॅगेत सांडलं आणि सगळ्या कपड्यांना दारूचा वास, बायको अजून संशयाने बघते. पाचपैकी साडेतीन.