खिडकीखालची बैठक: झाकण उचलायचं की ड्रॉवर ओढायचे?

दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये हॉललाच सगळं सोसावं लागतं: टीव्ही, जेवण, मुलांचा अभ्यास, पाहुण्यांची पथारी. म्हणून खिडकीखाली भिंतभर बैठक बांधून तिच्या पोटात सामान ठेवायची कल्पना चटकन पटते, आणि बोलणं लगेच सनमायक्याच्या रंगावर जातं. माझं मत असं, की त्याआधी एकच गोष्ट ठरवा. वर माणसं बसलेली असताना आतलं सामान लागणार आहे का?

लागणार असेल तर ड्रॉवर, नसेल तर झाकण.

हिशेब करून बघू. बैठक 7 फूट लांब, 20 इंच खोल आणि गादीसकट 18 इंच उंच धरा. 3 इंचांची गादी, खाली 3 इंचांचं स्कर्टिंग (लादीलगतची तळपट्टी) आणि वर-खाली प्लायची जाडी वजा केली की आत साडेदहा इंच उंची उरते. झाकण असेल तर ही सगळी जागा वापरता येते. ड्रॉवर केले तर चॅनलसाठी (ज्या पट्ट्यांवर ड्रॉवर सरकतो) दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जातो, ड्रॉवरच्या स्वतःच्या फळ्या येतात, वर मोकळी फट लागते. जवळपास एक तृतीयांश जागा तिथेच संपते. शिवाय ड्रॉवर उघडायला समोर दीड-दोन फूट मोकळे हवेत, म्हणजे टीपॉय दर वेळी सरकवायचा.

इतकं असूनही खेळणी, वह्या, चार्जर, इस्त्रीचे कपडे अशा रोजच्या वस्तूंसाठी मी ड्रॉवरच सुचवेन. झाकणाखालचं सामान काढायचं तर आजोबांना उठवा, गादी उचला, मग वाका. दोन आठवड्यांत मुलं खेळणी बाहेरच ठेवायला लागतात. उलट गणपतीच्या आराशीचं सामान, जादा चादरी, रजया, प्रवासाच्या बॅगा वर्षातून मोजक्या वेळा लागतात. त्यांना झाकण उत्तम. कापसाची गादी मात्र गुंडाळून साडेदहा इंचांत मावणार नाही, ती आशा धरू नका.

झाकण अखंड 7 फुटांचं करू नका. 18 मिमी प्लायची एवढी फळी साधारण 14 किलो भरते, आणि कालांतराने वाकते. तीन भाग करा आणि हळू मिटणारे सपोर्ट लावा (सुतार त्यांना ‘हायड्रॉलिक’ म्हणतात). साध्या बिजागरीवरचं झाकण मुलांच्या बोटांवर आपटतं, तिथे पैसे वाचवणं मला पटत नाही. दोन्ही गरजा असतील तर सोफ्याकडच्या टोकाला एक रुंद ड्रॉवर, बाकी झाकणं.

आता बनवून कोणाकडून घ्यायची? भिंती क्वचितच काटकोनात असतात, लादीलाही उतार असतो. जागेवर काम करणारा सुतार फळी भिंतीच्या रेषेनुसार तासून चपखल बसवतो. कारखान्यातली मॉड्युलर बैठक आली की कडेला पट्टी मारून फट झाकावी लागते. मात्र मॉड्युलरच्या कडा मशिनवर चिकटवलेल्या असल्यामुळे सफाईदार येतात, आणि घरात आठवडाभर भुसा आणि फेविकॉलचा वास नसतो. मी खिडकीखालच्या कामाला सुतार निवडेन, भिंत सरळ असलेल्या टीव्ही युनिटला मॉड्युलर. घर भाड्याचं असेल तर सुताराला आधीच सांगा, की सांधे नुसते चिकटवू नका, स्क्रूवर जोडा, म्हणजे सोडवून नेता येतील.

माल कोणाकडूनही घ्या, पण खिडकीखाली पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी) नको. पाणी लागलं की तो फुगतो, आणि एकदा निघालेला स्क्रू पुन्हा घट्ट बसत नाही. आयएस 710 (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्का असलेला, पाणी सोसणारा मरीन प्लाय महाग पडतो, पण इथे तोच हवा. लादी रोज पुसली जाते, तेव्हा स्कर्टिंग ग्रॅनाइटचं करा आणि 2-3 इंच आत घ्या. बसलेल्याच्या टाचांनाही जागा मिळते.

एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. खिडकीचा कठडा 30 इंचांवर असेल, तर बैठकीवर उभ्या राहिलेल्या मुलाच्या पायांपासून तो जेमतेम 12 इंच उरतो. मजबूत ग्रिल नसेल तर बैठक दुसऱ्या भिंतीला न्या. इथे तडजोड नको.

आणि तीच भिंत पावसाळ्यात ओल धरत असेल, तर झाकण काय आणि ड्रॉवर काय, दोन्ही थांबवा. आधी गळती काढा, एक पावसाळा कोरडा जाऊ द्या. तोवर पाय असलेला तयार दिवाण भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. खालून हवा खेळते आणि ओल परत आली तर लगेच दिसते.